रुग्णाच्या खाटेजवळचा दिवा आणि अर्थिंग : रुग्णालयातली वीज घरच्यापेक्षा वेगळी का हवी?

खाटेशेजारच्या दिव्याची लोखंडी दांडी सरकवताना बोटांना बारीकशा मुंग्या आल्या, असा अनुभव तुम्हाला एखाद्या दवाखान्यात आला असेल. आपण हात झटकतो, "अर्थिंग नीट नसेल" असे म्हणतो आणि विसरून जातो. निरोगी माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा पुढे काही होतही नाही. पण त्याच दिव्याखाली झोपलेल्या रुग्णासाठी तेवढी वीज धोकादायक ठरू शकते. तुम्हाला जाणवलीही नसती इतकी कमी वीजसुद्धा काही रुग्णांच्या हृदयाची लय बिघडवू शकते.

म्हणूनच रुग्णालयातल्या दिव्यांचे वायरिंग आणि अर्थिंग हा फक्त वायरमनचा विषय नाही. तो रुग्णसुरक्षेचा भाग आहे. त्यामागची कारणे काय आहेत आणि रुग्ण, नातेवाईक किंवा छोट्या रुग्णालयाचे डॉक्टर म्हणून तुम्ही काय पाहावे, ते या लेखात समजून घेऊ.

शॉक बसतो तेव्हा शरीरात काय होते?

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. पण इजा किती होणार हे मुख्यतः शरीरातून किती प्रवाह वाहिला, तो कोणत्या मार्गाने आणि किती वेळ वाहिला, यावर ठरते. हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. निरोगी प्रौढ माणसासाठी साधारण आकडे असे आहेत :

- अर्धा ते १ मिलिअँपिअर : बोटांना मुंग्या जाणवू लागतात.
- १० ते २० मिलिअँपिअर : हाताचे स्नायू आखडतात, पकडलेली वस्तू सोडता येत नाही.
- त्याहून जास्त : छातीचे स्नायू आखडून श्वास अडकू शकतो.
- ५० ते १०० मिलिअँपिअर आणि पुढे : हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. ताबडतोब उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू येतो.

आपल्याला वाचवणारी पहिली भिंत म्हणजे आपली त्वचा. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा रोध हजारो ओहम, कधी कधी लाखाच्या घरात असतो. तीच त्वचा ओली झाली की तो १००० ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्ट आणि १००० ओहम असा हिशेब केला तर प्रवाह २३० मिलिअँपिअर होतो, म्हणजे जीवघेणा. ओल्या हाताने बटण दाबू नका असे सांगतात ते याचसाठी.

रुग्णाचे शरीर वेगळे का?

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाकडे ही नैसर्गिक संरक्षणे कमी असतात.

- घाम, सलाइन, स्पंजिंग, जखमेतला स्राव यांमुळे त्वचा ओलसर असते.
- ईसीजीच्या पट्ट्या लावताना जेल लावून त्वचेचा रोध मुद्दाम कमी केलेला असतो.
- भूल दिलेला, बेशुद्ध किंवा अशक्त रुग्ण हात मागे घेऊ शकत नाही. "झटका बसला" असे सांगूही शकत नाही. नवजात बाळाचेही तसेच.
- रुग्णाला एकाच वेळी अनेक विजेची यंत्रे जोडलेली असतात, आणि खाट, सलाइनचा स्टँड, दिव्याची दांडी अशा धातूच्या वस्तू त्याच्या हाताच्या अंतरावर असतात.
- काही रुग्णांच्या शरीरात थेट हृदयापर्यंत जाणारी नळी किंवा तार असते. उदाहरणार्थ, तात्पुरत्या पेसमेकरची तार, किंवा हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली आणि सलाइनने भरलेली नळी.

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

न जाणवणारा शॉक

बाहेरून शॉक बसतो तेव्हा प्रवाह सगळ्या शरीरात पसरतो आणि त्याचा थोडासाच भाग हृदयातून जातो. पण हृदयात तार असेल तर त्वचा ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही. सगळा प्रवाह हृदयाच्या एका छोट्याशा बिंदूवर येतो. अशा वेळी सुमारे १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका मिलिअँपिअरचा दहावा भागसुद्धा हृदयाची लय बिघडवू शकतो. वैद्यकीय भाषेत याला मायक्रोशॉक म्हणतात.

आता वरचा पहिला आकडा आठवा. तुम्हाला मुंग्या जाणवायला निदान अर्धा मिलिअँपिअर लागतो. म्हणजे दिव्याला हात लावून "काही नाही, ठीक आहे" असे तुम्ही म्हणाल तेव्हाही अशा रुग्णासाठी पुरेसा धोका तिथे असू शकतो. हाताच्या अंदाजावर रुग्णालयातली वीज सुरक्षित ठरवता येत नाही. ती मोजावीच लागते.

म्हणूनच हृदयाला थेट जोडल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या गळती प्रवाहाची मर्यादा अतिशय कडक आहे : नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा बिघाड झाला तरी ५० मायक्रोअँपिअर. अशा यंत्रावर चौकटीत हृदयाचे चिन्ह छापलेले असते. खोलीतल्या साध्या दिव्याकडून ही अपेक्षा नसते. त्यामुळे त्याची गळती रुग्णापर्यंत पोहोचू न देण्याचे काम वायरिंग आणि अर्थिंग यांनाच करावे लागते.

दिव्याला अर्थिंग कशासाठी?

धातूची बॉडी असलेल्या दिव्यात तीन वायरी येतात : फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थ वायर. आतली फेज वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली, तर बॉडीत २३० व्होल्ट येतात. अर्थ वायर जोडलेली असेल तर प्रवाह त्या सोप्या वाटेने जमिनीकडे जातो आणि संरक्षक स्विच पडतो. ती नसेल तर दिवा छान चालू राहतो आणि पहिला हात लावणारा माणूस हीच ती वाट बनतो.

एलईडी दिव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. अनेक एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये विद्युत गोंगाट कमी करण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडा प्रवाह बॉडीकडे गळतो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. अर्थ वायर असेल तर ही गळती तिच्यातून निघून जाते. ती तुटलेली असेल तर धातूच्या बॉडीला टेस्टर लावल्यावर तो पेटतो आणि बोटांना मुंग्या येतात. "नवीन दिवा आहे, तरी करंट मारतो" या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

काही दिव्यांवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असते, अर्थ वायर लागत नाही. धातूच्या ज्या दिव्यावर हे चिन्ह नाही, त्याला अर्थिंग हवेच.

एमसीबी आहे, मग भीती कशाची?

हा गैरसमज फार आढळतो. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. दिव्यांच्या लाइनवर बहुधा ६ अँपिअरचा एमसीबी असतो. माणूस मरायला ०.१ अँपिअर पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थिंगचा खड्डा वाईट असेल तर गोष्ट आणखी बिघडते. समजा खड्ड्याचा रोध ५० ओहम आहे. फेज बॉडीला टेकली तरी २३० भागिले ५०, म्हणजे फार तर साडेचार अँपिअर वाहतील. ६ अँपिअरचा एमसीबी पडणार नाही आणि दिव्याची बॉडी विजेने भारलेलीच राहील. मुरमाड किंवा कातळाच्या जमिनीत आणि उन्हाळ्यात माती सुकल्यावर हा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये. एप्रिल-मेमध्येही करावी.

माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांतला फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की तो क्षणार्धात वीज तोडतो. वॉर्ड, तपासणी खोली आणि घर यांसाठी हे आवश्यक संरक्षण आहे. पण ३० मिलिअँपिअर हा आकडा मायक्रोशॉकच्या १०० मायक्रोअँपिअरच्या ३०० पट आहे. हृदयात तार असलेल्या रुग्णाला आरसीसीबी एकटा वाचवू शकत नाही.

सगळा धातू एकाच पातळीवर

मग आयसीयूमध्ये काय करतात? एक उदाहरण घेऊ. रुग्णाच्या एका बाजूला दिवा आहे, दुसऱ्या बाजूला मॉनिटर. दोघांनाही अर्थिंग आहे, पण वेगवेगळ्या लांब वायरींनी. दिव्याच्या अर्थ वायरीत कुठेतरी जोड सैल होऊन तिचा रोध १ ओहम झाला. त्याच वायरीतून दुसऱ्या एखाद्या यंत्राचा १०० मिलिअँपिअर गळती प्रवाह वाहतो आहे. आता दिवा आणि मॉनिटर यांच्यात ०.१ व्होल्टचा फरक तयार झाला. हा फरक कोणालाही जाणवणार नाही. पण ओल्या त्वचेचा, हृदयात तार असलेला रुग्ण या दोन्हींना जोडला गेला आणि त्याच्या शरीराचा रोध १००० ओहम धरला, तर प्रवाह होतो १०० मायक्रोअँपिअर. म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर.

यावरचा उपाय म्हणजे खाटेभोवतालच्या धातूच्या सगळ्या वस्तू, म्हणजे दिव्याची बॉडी, सॉकेटची अर्थ पिन, ऑक्सिजनचे पाइप, खिडकीची चौकट, जाड तांब्याच्या वायरीने एकाच पट्टीला जोडणे. मग त्या सगळ्या एकाच विद्युत पातळीवर राहतात आणि रुग्णातून प्रवाह वाहायला कारणच उरत नाही. शस्त्रक्रियागृह आणि आयसीयूसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या जोडणीचा रोध ०.२ ओहमपेक्षा जास्त नसावा. रुग्णाभोवती साधारण दीड मीटरचा परिसर हा रुग्ण-परिसर धरला जातो. तिथल्या प्रत्येक दिव्याची आणि सॉकेटची काळजी जास्त घ्यायची.

प्रत्येक खोलीला सारखेच नियम नसतात

आंतरराष्ट्रीय मानकात वैद्यकीय खोल्यांचे तीन गट केले आहेत :

- गट ० : जिथे रुग्णाच्या शरीराला विजेचे यंत्र जोडले जात नाही. उदाहरणार्थ, साधी सल्लामसलतीची खोली.
- गट १ : जिथे यंत्र शरीराला जोडले जाते, पण हृदयाशी थेट संबंध नसतो आणि वीज गेली तर जिवाला लगेच धोका नसतो. उदाहरणार्थ, वॉर्ड, फिजिओथेरपी, एंडोस्कोपी.
- गट २ : शस्त्रक्रियागृह, आयसीयू, कॅथलॅब. इथे वीज जाणे आणि वीज गळणे दोन्ही जीवघेणे.

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतही वैद्यकीय इमारतींचा स्वतंत्र विचार केलेला आहे आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे मानक आहे. राहत्या इमारतीतला फ्लॅट घेऊन त्याचे नर्सिंग होम केले, तर आधीचे घरगुती वायरिंग तसेच वापरणे बरोबर नाही, ते यासाठीच.

शस्त्रक्रियेचा दिवा विझता कामा नये

इथे एक पेच आहे. आरसीसीबी गळती दिसताच वीज तोडतो. वॉर्डमध्ये ते चांगलेच. पण पोट उघडलेले असताना, रक्तवाहिनीला टाका घालत असताना शस्त्रक्रियेचा दिवा विझला तर? म्हणून गट २ च्या खोल्यांत वेगळी पद्धत वापरतात. तिथली वीज खास आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून येते. नेहमीच्या विजेत न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो, त्यामुळे फेजला हात लागला की जमिनीमार्गे मंडल पूर्ण होते. या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी कोणतीही वायर जमिनीशी जोडलेली नसते. त्यामुळे एका वायरीत बिघाड झाला तरी मोठा प्रवाह वाहत नाही, वीज चालू राहते आणि भिंतीवरचे उपकरण आवाज करून सांगते की इन्सुलेशन कमजोर झाले आहे. शस्त्रक्रिया शांतपणे पूर्ण करता येते. नंतर मात्र दोष शोधलाच पाहिजे. तो अलार्म बंद करून काम चालू ठेवणे म्हणजे दुसऱ्या बिघाडाची वाट पाहणे.

दुसरा प्रश्न लोडशेडिंग आणि खंडित विजेचा. जनरेटर सुरू होऊन भार घ्यायला काही सेकंद लागतात. शस्त्रक्रियेच्या दिव्यासाठी तेवढा वेळ फार मोठा आहे. मानकानुसार हा दिवा अर्ध्या सेकंदाच्या आत परत पेटला पाहिजे, म्हणजे त्यामागे बॅटरी हवीच. जिने, वाटा आणि बाहेर पडण्याच्या मार्गांवरच्या दिव्यांना १५ सेकंदांची मुभा आहे. आग लागली, धूर झाला की रुग्णांना बाहेर काढणे याच दिव्यांवर अवलंबून असते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीत १० बाळे दगावली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची आणि विद्युत यंत्रणेची तपासणी हा विषय ऐरणीवर आला. जिथे ऑक्सिजन जास्त वापरला जातो तिथे सैल जोडातली छोटी ठिणगीही पुरते, हे विसरून चालणार नाही.

नेहमी आढळणाऱ्या चुका

- अर्थ वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नाही, किंवा आली आहे पण दिव्याच्या बॉडीला जोडलेली नाही.
- सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून टाकलेले. न्यूट्रल कुठे तुटला तर यंत्राच्या बॉडीत थेट २३० व्होल्ट येतात.
- बटण फेजवर बसवण्याऐवजी न्यूट्रलवर बसवलेले. दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये वीज असते. बंद केल्यावरही एलईडी मिणमिणत असेल तर हे एक कारण असू शकते, वायरमनकडून तपासून घ्या.
- तीन पिनच्या प्लगची वरची जाड, लांब पिन तोडलेली. तीच अर्थची पिन असते.
- एका एक्स्टेन्शन बोर्डवर तपासणीचा दिवा, सक्शन मशीन आणि मोबाइलचे चार्जर.
- पाण्याच्या पाइपला अर्थ जोडलेला. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे असतात, त्यांतून वीज जमिनीत जात नाही.

तुम्ही रुग्ण किंवा नातेवाईक असाल तर

१. कोणत्याही दिव्याला, खाटेला किंवा यंत्राला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर लगेच नर्स किंवा सिस्टरना सांगा. दिवा बदलून घ्या. "थोडाच करंट आहे" म्हणून सोडू नका.
२. एक हात रुग्णावर आणि दुसरा हात दिव्यावर किंवा यंत्रावर, असे करू नका. हा नियम कर्मचाऱ्यांसाठीही आहे.
३. खाटेजवळच्या सॉकेटमध्ये स्वतःचा चार्जर, पंखा, हीटर, किटली लावू नका. विचारून ठरवून दिलेल्या जागी लावा.
४. यंत्राचा प्लग स्वतः काढू नका, कोणतेही टेस्ट बटण दाबू नका.
५. दिवा किंवा वायर यांवर सलाइन अथवा पाणी सांडले, जळका वास आला, दिवा लुकलुकला, तर सांगा.

पेसमेकरची तात्पुरती तार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तारेची उघडी टोके झाकलेली असावीत आणि ती हाताळताना कर्मचाऱ्यांनी हातमोजे घालावेत. तुम्ही त्यांना हात लावू नये.

रुग्ण घरी असेल तर

आता अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन, एअर बेड, लोखंडी खाट आणि डोक्याशी एक दिवा असतो. जुन्या चाळीत किंवा वाड्यात अर्थिंग नसण्याची शक्यता असते. यंत्र घरी आणण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. पण आधी रुग्णाला सिलिंडरवर घ्या किंवा यंत्राची पर्यायी सोय करा, कारण बटण दाबताच वीज जाते. खाटेजवळ प्लास्टिक बॉडीचा, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा ठेवा. वायर खाटेच्या लोखंडी दांडीला गुंडाळू नका. वीज गेल्यावर लागणारा बॅटरीचा दिवा हाताशी ठेवा.

छोट्या रुग्णालयाच्या डॉक्टरांसाठी

वर्षातून किमान एकदा, आणि नूतनीकरणानंतर प्रत्येक वेळी, अर्थिंगचा रोध, प्रत्येक सॉकेटची आणि दिव्याची अर्थ जोडणी, आरसीसीबीची चाचणी आणि शस्त्रक्रियेच्या दिव्याची बॅटरी तपासून घ्या. निकाल आकड्यांत लिहून घ्या. "सगळे ओके" असा शेरा पुरेसा नाही. नवीन एसी किंवा यंत्र बसवताना जुन्या लाइनवर भार किती होतो ते आधी विचारा.

शॉक बसलाच तर

आधी मेन स्विच बंद करा. वीज चालू असताना त्या व्यक्तीला हात लावू नका. स्विच सापडत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला करा. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात करा. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर असलेल्या व्यक्तीलाही छातीत धडधड, चक्कर, भाजल्याची जखम असेल, किंवा ती गरोदर असेल, तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या.

थोडक्यात

दिवा पेटतो याचा अर्थ वायरिंग ठीक आहे, असा होत नाही. अर्थ वायर तुटली तरी दिवा तसाच पेटतो, म्हणून तिचा अभाव लक्षात येत नाही. हात मागे घेऊ न शकणाऱ्या रुग्णाजवळ तो अभाव आपल्यालाच शोधावा लागतो. पुढच्या वेळी खाटेजवळच्या दिव्याने बोटांना मुंग्या आल्या, तर तो दिवा त्याच वेळी बंद करायला सांगा आणि दुरुस्त होईपर्यंत रुग्णापासून दूर ठेवा.